मावशींनी हलवू न दिलेली खाट

मंडळी, आज शॉर्टफिल्मसाठी घर बघायला कसबा बावड्यात गेलतो. मी कॅमेरामन. लाइट भाड्यानं आणायचं बजेट नाही, म्हणून भरपूर उजेडाची खोली हवी होती.

एका मावशींकडे ती मिळाली. मी म्हणालो, "ही खाट खिडकीकडं सरकवूया."

"खाटंला हात लावायचा न्हाय! आमचं मालक जाईपतोर दोन वर्सं हितंच पडून हुतं. हितनं त्यास्नी रस्ता दिसायचा."

मी ओशाळलो. त्यांना विचारून खाटेवर आडवा झालो. दारातून अंगण, ऊन, उसाचे ट्रॅक्टर दिसत होते. हवी तशी फ्रेम! तिथूनच फोटो काढून मावशींना दाखवला.

त्या बराच वेळ बघत राहिल्या. "असं दिसायचं व्हय त्यांना? मी कधी झोपून बघितलंच न्हाय की."

तुमच्या घरात कुणी अंथरुणाला खिळलंय? त्यांना पडल्यापडल्या काय दिसतं, बघितलंय कधी?