मामांचं आल्याचं पाणी

भांड्याला कान लावून डोळे मिटणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? आमचे मामा तसे बसायचे. बऱ्याच वेळाने पुटपुटायचे, "बोलाया लागलं."

ते सगळ्या चाळीचे मामा. चिंचवडला त्यांची खोली माझ्या खोलीला लागून. पिंपरीचा औषधांचा कारखाना तेव्हा नवा होता; मी तिथे कारकून, ते बॉयलरवर. मूळचे चाकणकडच्या खेड्यातले. तरुणपणी खडकीच्या लष्करी मेसमध्ये कामाला असताना ते आल्याचं फसफसणारं पाणी करायला शिकले होते.

रविवारी सकाळी मामी आलं किसायला बसायच्या. मग मामा ते साखरेच्या पाण्यात उकळायचे, दोघं मिळून गाळायची, निवलं की लिंबू आणि मागच्या खेपेचं विरजण घालायची. आत बुडबुडे फुटू लागले, की मामांच्या लेखी ते बोलायला लागलं. दिवेलागणीला बाटल्यांची बुचं दोऱ्याने बांधून झालेली असायची. दिवसभर चाळीला आल्याचा वास.

मग मामींच्या छातीत क्षय निघाला. त्यांना नदीपलीकडच्या दवाखान्यात ठेवलं. जाताना त्या एवढंच म्हणाल्या, "माज्यावाचून बंद करू नगा."

रोज पाळी सुटली की मामांना दवाखाना गाठायचा असे. रविवारही तिकडेच जाई; अख्खा दिवस हाताशी राहिला नाही. तेव्हा त्यांनी कामाचेच तुकडे केले. आज किसायचं, उद्या उकळायचं, परवा गाळायचं. तेवढं झालं की भांड्यावर फडकं बांधून सायकलवर टांग.

दारूबंदीचे दिवस होते. कुणीतरी चहाडी केली आणि एक हवालदार दारात उभा राहिला.

"काय शिजतंय?"

"आज कायबी न्हाई. आज निस्तं किसायचं."

हवालदार दुसऱ्या दिवशी आला, तर उकळणं चाललेलं. पुन्हा आला, तर गाळणं. शेवटी बुचं बांधायच्या दिवशी तो टोपी काढून मांडी घालून बसला आणि दोरे तोडून देऊ लागला. पंचनामा राहूनच गेला. जाताना म्हणाला, "पुढच्या खेपेला आलं कधी किसणार, मामा?"

एकदा मी मामांबरोबर दवाखान्यात गेलो. लांबलचक व्हरांडा, ओळीने खाटा, पांढऱ्या चादरींवर उतरतीचं ऊन. मामा हात न धुताच आले होते. मामींनी त्यांचे तळवे नाकाशी धरले, डोळे मिटले आणि कितीतरी वेळ तशाच राहिल्या.

"जाड किसलंया तुमी."

"व्हय. जरा जाडच झालं."

"उद्या मंद आचेवर ठिवा."

रोज हे असंच चालायचं म्हणे. एक एक तुकडा मामा तिकडे घेऊन जायचे आणि मामी पडल्या पडल्या तो पुरा करायच्या.

मामी बऱ्या झाल्या. पुष्कळ उशिरा, पण घरी आल्या. त्या रविवारी चाळ वाट बघत होती. मामी किसणी घेऊन बसल्या आणि अर्ध्या आल्यातच धापा टाकू लागल्या. मामांनी किसणी काढून घेतली, भांडं झाकलं.

"ऱ्हायलेलं उद्या."

मामींचे डोळे भरले. "एका दिसाचं काम! आता आठवडाभर लावायचं व्हय?"

"लावू की," मामा म्हणाले. "तेवढंच आठवडाभर तू माज्याजवळ बसशील."

मामी पदराने डोळे पुसता पुसता हसल्या.

पुढे मामांनी नोकरी सोडली आणि दोघं गावी गेली. ती खोली दुसऱ्याने घेतली. माझ्या डोळ्यांसमोर मात्र गावी जाण्याआधीची त्यांची पवनेकाठची एक सकाळ आहे. मामा गुडघाभर पाण्यात उभे राहून बाटल्या विसळताहेत, मामी दगडावर बसून एकेक हातात देताहेत. एक बाटली निसटली आणि डुलत डुलत प्रवाहाला लागली. मामा धरायला वळले.

"जाऊ द्या," मामी म्हणाल्या.

दोघं मग हातातलं काम थांबवून तिच्याकडे बघत राहिली, ती वळणाआड जाईपर्यंत.