अप्पांनी ठेवलेला गठ्ठा

अप्पा गेल्याचा फोन कॉलेजात आला तेव्हा मी कॉम्प्युटरचे पत्ते पंच करत होते. खरं सांगते, पहिला विचार त्यांचा नव्हताच. आता तो गठ्ठा कायमचा गेला, हा आला. लाज वाटते सांगायला...

आमच्या सांगलीच्या कॉलेजात कपाटाएवढा कॉम्प्युटर आला आणि तो सांभाळायला रहिमतपूरचे अप्पा आले. लष्करात वायरलेसवर उमेदीची वर्षं घालवलेला माणूस. प्रोग्रॅमचे पत्ते पंच करायचं, म्हणजे एकेक ओळ एकेका जाड कागदी पत्त्यावर भोकं पाडून उतरवायचं काम माझं. फोर्ट्रान भाषा दोघंही पुस्तकातूनच शिकलो. पत्त्याच्या पहिल्या रकान्यात ‘सी’ असला की मशीन त्या पत्त्याकडं ढुंकूनही बघत नाही. त्यावर काहीही लिहा. मी म्हणायची, “मग कशाला वाया घालवता पत्ते?” अप्पा भडकायचे. “आवं ताई, ह्ये मशिनीसाठी न्हाई, मागनं येणाऱ्या मानसासाठी हाय!” त्यांच्या प्रत्येक प्रोग्रॅममध्ये असे सी-पत्ते असायचेच, आणि ते सगळे वेचून एका दमात माहिती छापणारा प्रोग्रॅमही त्यांनी लिहिला होता. नेमका तोच गठ्ठा सापडेना.

दिवाळीनंतर अप्पांना अर्धांगवायू झाला, वाचा गेली. इकडं परीक्षेची मुलं दारात उभी, कुठला प्रोग्रॅम काय करतो कुणाला ठाऊक नाही, साहेब माझ्यावर डाफरतायत. सगळी कपाटं उपसली. शेवटी साताऱ्याला दवाखान्यात गेले आणि प्रकृतीचं विचारायचं सोडून म्हटलं, “अप्पा, तो माहितीचा गठ्ठा कुठं ठेवलाय?” त्यांनी डावा हात उचलला आणि पालथा केला. परत पालथा केला. त्यांच्या पत्नी, काकू, म्हणाल्या, “पाठ दुखाय लागलीया वाटतं त्यांची.” मग आम्ही दोघींनी त्यांना कुशीवर वळवलं. त्यांनी जोरजोरात मान हलवली, हात पुन्हा पालथा... आम्ही पुन्हा वळवलं, दुसऱ्या कुशीवर. घामाघूम झाले बिचारे. मग डोळे मिटून पडून राहिले. आम्हाला वाटलं, आराम पडला.

त्यांच्या तेराव्यानंतर मेकॅनिक मशीन साफ करायला आला. मागचं दार उघडलं, तर दाराच्या आतल्या बाजूला सुतळीनं बांधलेला गठ्ठा! हाताची मागची बाजू दाखवून मशीनच्या मागं, मागं म्हणत होते हो ते, आणि मी त्यांना या कुशीवरून त्या कुशीवर लोळवत होते. मेकॅनिकसमोरच मी ढसाढसा रडले.

गठ्ठा मशीनला लावला. एकेका प्रोग्रॅमची माहिती भराभर छापून आली. शेवटची ओळ इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत होती : याउपर अडल्यास सुमनताईंना विचारावे.

म्हणजे मला. मला कुठं काय येतंय, अप्पा?

तो कागद टेबलाच्या काचेखाली ठेवलाय. मुलं तो वाचतात आणि येतात, “बाई, इथं अडलंय.” निम्म्या वेळा माझंही तिथंच अडतं. मग सवयीनं मान वळते, “अप्पा...” अशी हाक तोंडातून निघून जाते, आणि मुलं खाली बघतात.