दीपगृहासमोरचा सत्कार

हसायचं असेल तर चहा आधी खाली ठेवा. परवा हाच किस्सा ऐकताना एकाच्या शर्टावर सांडला.

दिवाळीनंतर आम्ही कोकणात गेलो होतो. आम्ही म्हणजे मी, आमची मंडळी आणि आमचे अंबाजोगाईचे व्याही. व्याही निवृत्त हेडमास्तर, सगळे त्यांना गुरुजी म्हणतात. माणूस फार कमी बोलतो, आणि कमी बोलणाऱ्या माणसाची मला भीती वाटते. मी धारूरजवळच्या गावचा माजी सरपंच. लेकीच्या सासऱ्यापुढं आपली वट राहावी, एवढीच माझी इच्छा! म्हणून घाट उतरेपर्यंत मी त्यांना एकच सांगत होतो, "गुरुजी, दार कुठलंबी असू द्या, आपल्याला उघडतंय. आपली वर ओळख हाय."

गुरुजी म्हणाले, "बरं."

दीपगृह इंग्रजांच्या काळातलं. काळ्या कातळाच्या टोकावर उभं, खाली लाटा आपटतायत. पण फाटक बंद! शेजारी पाटी होती. आता पाटी वाचायची म्हणजे ओळख नसलेल्या माणसाचं काम. मी कशाला वाचू?

"पाव्हणं, फाटक बंद हाय," गुरुजी म्हणाले.

"मी हाय ना!"

फाटकाशी एक गृहस्थ उभे होते. पांढरा शर्ट, पांढरी पँट, हातात किल्ल्यांचा जुडगा. दीपगृहाचे साहेब, दुसरं कोण?

आणि आमच्याकडं साहेबाला काम सांगायच्या आधी काय करतात? सत्कार! मास्तर बदलून आला, सत्कार. बदलून गेला, सत्कार. तलाठी नुसता सापडला तरी सत्कार. माझ्या डिकीत एक वेळ स्टेपनी नसेल, पण दोन शाली, एक फेटा आणि एक नारळ कायम असतात. कोकणात नारळ घेऊन गेलेला मी पहिलाच माणूस असेन.

मंडळी म्हणाली, "अवो, आदी इचारा तरी, कोण हायत ते."

"साहेबाला कोण म्हणून इचारतेत का?"

मी शाल घातली, नारळ हातात दिला. साहेब म्हणाले, "पण मी..." मी त्यांचा खांदा दाबला. सत्कारमूर्ती असंच म्हणतात, त्यात काही विशेष नाही. मग फेटा बांधला. फेटा मी चांगला बांधतो, पण वेळ लागतो. तोवर बघायला वीस-पंचवीस पर्यटक जमले. आणि मला गर्दी दिसली की माझं काय होतं, ते गावात विचारा.

मी फाटकाकडं पाठ करून उभा राहिलो आणि सुरुवात केली. "कोकणच्या मातीचा हा सुपुत्र! लाटा अंगावर घेत मोठा झाला! अंधारात चुकलेल्या जहाजांना यानं वाट दाखवली!"

मध्येच माझ्या मागं लोखंड करकरलं. मी आवाज चढवला. कुणीतरी हाक मारली. मी म्हणालो, "शांतता राखा." मग माणसं एकेक करून माझ्या मागं जाऊ लागली. मला वाटलं, स्टेजवर येतायत. आमच्याकडं भाषण रंगलं की येतातच!

शेवटी साहेबांपुढं कमरेत वाकून नमस्कार केला आणि म्हणालो, "आता साहेबांनी दोन शब्द बोलावेत."

साहेबांचे डोळे भरून आले होते. म्हणाले, "काय बोलू? मी तेलगावचा. टेंपो चालवतो, सवाऱ्या घेऊन आलतो. समिंदर मी बी आजच पैल्यांदा बघितला. पर एवढा मान मला माज्या लग्नात बी भेटला न्हवता."

"आन् ह्या किल्ल्या?"

"टेंपोच्या."

तेलगाव! माझ्या घरापासून अर्ध्या तासावर! आख्खा महाराष्ट्र आडवा ओलांडून मी शेजारच्या माणसाचा सत्कार केला होता.

तेवढ्यात मागं कुलूप लागल्याचा आवाज झाला. निळ्या शर्टातला एक मनुष्य म्हणाला, "काका, पाच वाजले. प्रवेश बंद."

"पर उघडलं कवा?"

"चारला. पाटीवर लिहिलंय ना! तुम्हाला हाक मारली, तर तुम्ही मलाच शांतता राखायला सांगितलंत."

खरे साहेब हे होते! डिकीत दुसरी शाल होती, पण नारळ संपला होता, आणि नारळाशिवाय सत्कार होत नाही.

"गुरुजी!" मी चारी बाजूंना बघून हाक मारली. मग वर बघितलं. दीपगृहाच्या गॅलरीत गुरुजी उभे होते, आणि त्यांच्या शेजारून आमची मंडळी मला हात करत होती.

लाज वाटली हो. खरंच वाटली.

गुरुजी खाली उतरले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "दार उघडलं बरं का, पाव्हणं."

एवढ्यावर मिटलं असतं. पण वरून त्यांनी एक फोटो काढला होता. तो आता अंबाजोगाईत त्यांच्या बैठकीत लावलाय. समुद्र, कातळ, दोन होड्या आणि खालच्या कोपऱ्यात एका फेटेवाल्यापुढं कमरेत वाकलेला मी.

येणारा-जाणारा विचारतो, "गुरुजी, हा फेटेवाला मोठा माणूस कोण?"

"तेलगावचे टेंपो ड्रायव्हर."

"आणि वाकलेला?"

गुरुजी कमीच बोलतात. म्हणतात, "त्याची वर ओळख हाय."