ढिगातली म्हैस

व्हिडिओ कॉलवर बांधाशी दिसणाऱ्या उंच ढिगाबद्दल तुम्ही विचारलंत, तेव्हा माझ्याच्यानं सांगवलं नाही. लिहिणं जमेल.

उमापूरजवळच्या या शेतात मी पालापाचोळ्याचं खत करते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. दुकानातून जिवाणूंचं पाकीट आणायचं, पिंपात गूळ, शेण आणि पाण्यात ते वाढवायचं, मग ढिगावर शिंपडायचं. डोळ्यांना न दिसणारे ते जीव कचरा खातात आणि ढीग आतून तापतो; खाऊन झालं की गार होतो.

शेजारच्या वस्तीवर लोकांची जनावरं राखणारं एक जोडपं राहतं. उन्हाळ्यात त्यांची स्वतःची एकुलती एक म्हैस विताना अडली. डॉक्टरांनी बरीच खटपट केली, पण रेडकू पोटातच गेलं, पाठोपाठ म्हैसही. मेलेली जनावरं ओढण्याचं काम ज्यांच्यावर लादलेलं होतं, त्यांनी ते केव्हाच सोडलं, आणि योग्यच केलं. इथे हातभर खणलं की खडक लागतो. त्यामुळे जनावर ओढ्यात टाकतात, पुढचं कुत्री बघतात.

ती बाई माझ्या दारात येऊन उभी राहिली.

"काकू, तिला कुत्र्याच्या तोंडी जाऊ देऊ नका. तुमचं ते औषध समदं खातंय म्हनता ना? मग तिलाबी खाऊ द्या."

आम्ही उसाच्या पाचटाचा जाड थर घातला. तिच्या नवऱ्यानं ट्रॅक्टरनं म्हैस त्यावर आणली. मी म्हटलं, "आता पोट टोचायला हवं. नाहीतर फुगून फुटेल."

"कावून टोचायचं? आत लेकरू हाय तिचं."

"अगं, दोघंही गेलीत."

"गेली म्हनून कापायची का? न्हाई म्हंजे न्हाई."

नवरा चिडला. "काकू शिकलेल्या हायेत. तू काय म्हशीची सासू लागून गेलीस?"

"तू मला सांगायलास? ती वरडत व्हती तवा कुठं गेलतास?"

"डॉक्टर आनायला गेलतो," तो पुटपुटला.

पोट तसंच ठेवलं. वर शेण, पाचट, जिवाणूंचं पाणी घातलं.

थोड्याच दिवसांत आतलं पोट फुगून ढीग मधोमध उलला. सकाळी मी पोचले तेव्हा ती काठी घेऊन कुत्र्यांना हाकलत होती. मागचा एक पाय बाहेर ओढलेला होता. हाडावर फारसं काही उरलं नव्हतं.

ती रडली नाही. नाकातोंडाला पदर बांधला, कमरेचा विळा काढला. नवऱ्याला हाक मारू का, असं मी विचारलं.

"नको. टोचायचंच तर माझ्याच हातानं होऊ द्या."

मी तोंड फिरवलं, पण आवाज ऐकू आलाच. वासानं मला उलटी झाली. मग दोघींनी मिळून घमेल्यांनी शेण टाकलं, पाचट पुन्हा रचलं, कडेनं बाभळीच्या फांद्या लावल्या. कुत्री परत आली नाहीत.

त्यानंतर ती रोज यायची, पाचटात हात खुपसायची. "गरम हाय," म्हणायची आणि जायची. तिच्या गोठ्यात आता नुसतं दावं आहे. चहाला दूध विकत आणतात.

परवा तिनं हात घातला आणि बराच वेळ बाहेर काढला नाही.

"गार झालाय, काकू. आता उघडा तुमी. हाडं बाजूला काढा, खत तुमच्याच रानात टाका. मला तेवढं बोलवू नका."