व्हॉल्ववरचं सिमेंट

आदल्या दुपारी रिकामा केलेला स्विमिंग पूल सकाळी वीतभर वर आला होता. खोल बाजूच्या काठाच्या फरशा फुटल्या होत्या, पाइप तुटला होता आणि तळाला आडवी भेग गेली होती. मी काठावर बसलोच. 

मी मूळचा निपाणीचा. वीस वर्षं बेंगळुरूत स्विमिंग पूलची कामं करतो. हा पूल महादेवपुऱ्यातल्या एका बंगल्यामागचा. मालक सरकारी कंपनीतून रिटायर झालेले इंजिनियर, मूळ पुण्याचे. मी त्यांना सर म्हणतो. पूल हौसेचा नव्हता. त्यांच्या पत्नीला, म्हणजे काकूंना, अर्धांगवायू होऊन गेला होता. जमिनीवर वॉकर घेऊनही दहा पावलं जड जायची, पण छातीएवढ्या पाण्यात अंग हलकं व्हायचं आणि रेलिंग धरून त्या या टोकाहून त्या टोकाला चालायच्या. पावसाळ्यात आणि थंडीत पूल बंद. तेवढ्यात पाय पुन्हा आखडायचे. म्हणून फेब्रुवारी लागला की त्यांचा फोन ठरलेला, ‘‘अण्णा, कधी उघडताय?’’

सीझनला पूल उघडताना आम्ही सहसा तो रिकामा करत नाही. पाणी हिरवं झालं असलं तरी क्लोरीनचा मोठा डोस द्यायचा, फिल्टर चालू ठेवायचा, तळाचा गाळ ओढून काढायचा. चार-पाच दिवसांत पाणी निवळतं. सरांना ते पटेना. पाडव्याला ती नव्या पाण्यातच उतरेल, म्हणाले. मी एकदा नको म्हणून पाहिलं. मग ‘सरी सर’, बरं सर, म्हणालो आणि पंप लावला. टँकर दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होते.

संध्याकाळी अवकाळी पाऊस कोसळला. तो सगळा घरांचा लेआउट जुन्या तळ्याच्या जागेवर आहे आणि मागे राजकालुवे, म्हणजे पावसाळी नाला. नाला तुंबला, जमीन पाण्याने भरली. रिकामा पूल म्हणजे भरल्या बादलीतलं रिकामं पातेलं. ते वर यायलाच बघणार. यासाठीच तळाच्या जाळीखाली एक छोटा व्हॉल्व असतो. खालून दाब वाढला की तो उघडतो, जमिनीतलं पाणी आत घेतो आणि पूल जागेवर राहतो.

तो व्हॉल्व गेल्या वर्षी गळत होता. नवा मिळेना आणि काकूंचे चालायचे दिवस वाया चालले होते. मी त्यावर सिमेंट मारलं. पूल भरलेला असेपर्यंत त्याने काही बिघडत नाही, पाण्याचं वजनच त्याला दाबून धरतं. पुढे बदलू म्हटलं आणि साफ विसरलो. पंप लावताना ती जाळी माझ्या डोळ्यांसमोर होती.

सर बाहेर आले. मी सगळं सांगितलं, सिमेंटचंही. त्यांनी भेगेकडे बोट केलं.

‘‘दुरुस्त होईल?’’

‘‘नाही सर. फोडून नवाच बांधावा लागेल.’’

तळ्याच्या जागेवर आता पुन्हा खोदायची परवानगी मिळणार नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

‘‘मी आयुष्यभर पंप डिझाइन केले,’’ सर म्हणाले. ‘‘पाण्याचा दाब मला कळायला हवा होता.’’

मला एका शब्दानेही बोलले नाहीत. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तेवढ्यात मागच्या दारात वॉकरचा आवाज झाला. गाऊनखाली काकूंनी पोहायचा ड्रेस घातलेला दिसत होता. टँकर आले का, त्यांनी विचारलं.  मग त्यांना तुटलेला काठ दिसला.

‘‘मग आता मी चालू कुठे?’’

पाडव्यानंतर आठवड्याभरात त्या खड्ड्यात माती भरली. पूलचं स्टीलचं रेलिंग सरांनी माझ्याकडूनच काढून घेतलं आणि बाथरूमच्या भिंतीला बसवायला सांगितलं. ते धरून काकू चार पावलं जातात.

आता कुठलाही पूल रिकामा करण्याआधी मी पाण्यात उतरून, जाळी काढून व्हॉल्व हाताने चाचपतो. पाच मिनिटांचं काम आहे. यंदा फेब्रुवारीत काकूंचा फोन आला नाही.