चप्पल घाल पायात

आज ती भांडली! बोईसरच्या मासळी बाजारात, भर गिऱ्हाइकांत! आनंदानं मी जवळजवळ ओरडलेच.

दांडी गावाहून मासळी आणणारी ही बाई कधी चिडत नसे. कुणी कल्ले उघडून नाक मुरडलं तरी ती हसायची, पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहायची, आणि गिऱ्हाईक गेलं की पाटीशेजारी कोसळायची. अंग थडथडायचं. शेजारची कोळीण धावत येऊन तिला चप्पल हुंगवायची. डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं, ही मिरगी नव्हे. मनात कोंडलेलं असं अंगावाटे निघतं.

"राग आला ते मला कलतच नाय," ती मला, तिच्या नेहमीच्या गिऱ्हाइकाला, म्हणाली होती. "डायरेक पडते मी."

आज एकानं पापलेट दाबलं आणि "शिळं आहे" म्हणत पाटीत फेकलं. तिचा पदर बोटाला गुंडाळला गेला. शेजारणीनं चप्पल काढून हातात घेतली.

तिनं पदर सोडला.

"सकाली होडीतून उतरलंय ते! मला राग आलाय, समजला? राग आलाय!"

ती उभीच राहिली. मग शेजारणीकडे वळली.

"चप्पल घाल गं पायात. आज नाय पडत मी."