काम झालं, चालू करा

सकाळचे अकरा वाजून बारा मिनिटं. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीच्या ऑफिसात वहिनी एका गिऱ्हाइकाला फोनवर शांत करत होती. समोर टेबलावर तिचा दुसरा फोन सारखा थरथरत होता. त्याच्यावर ऑफिसचा ग्रुप चालू होता.

वहिनी खरी एकाच माणसाची. तिचा धाकटा दीर इथे मेकॅनिक. तो वहिनी म्हणतो म्हणून सगळे म्हणतात, अगदी तिच्या वडिलांच्या वयाचे मालकसुद्धा. तीही त्याला भाऊजी म्हणते, ऑफिसात आणि घरात. कोणता माणूस कोणत्या इमारतीत गेला, कुठली लिफ्ट बंद केली, कुठली चालू केली, हे सगळं ती त्या एका ग्रुपवरून पाहायची. त्याच ग्रुपवर रजा मागितल्या जायच्या, विनोद यायचे, सकाळी फुलं यायची. आज तर अकाउंटंटची मुलगी पास झाली होती. ती बातमी नऊ वाजता वहिनीनेच टाकली होती आणि तेव्हापासून अभिनंदनाची रीघ लागली होती.

तिने गिऱ्हाइकाचा फोन ठेवला आणि ग्रुप पाहिला. पेढ्यांच्या चित्राखाली भाऊजींचा मेसेज होता: "काम झालं. चालू करा." त्याखाली पैलवानाचा अंगठा.

पैलवान म्हणजे भाऊजींचा जोडीदार, अंगाने काडी. तो आत्ता आठव्या मजल्याच्या वर, मशीनरूममध्ये मेन स्विचपाशी उभा होता. भाऊजी त्याच इमारतीत तळघराखाली, लिफ्टच्या खड्ड्यात. खड्ड्यातलं लिफ्ट थांबवायचं बटण बिघडलं होतं, तेच बदलायचं होतं. म्हणजे खाली उतरलेल्या माणसाला आज वरच्या बंद स्विचखेरीज दुसरा आधार नव्हता.

वहिनी हसणार होती. भाऊजींनी आज फारच चटकन उरकलं. मग हसू विरलं. ते खड्ड्यात उतरल्याचं पैलवानाने कळवून दहा मिनिटंही झाली नव्हती. एवढ्यात जुनं बटणसुद्धा निघत नाही.

तिने भाऊजींना फोन लावला. उचलला भलत्याच माणसाने.

"हॅलो, मी वॉचमन बोलतोय. मेकॅनिक खाली आहेत. फोन बंद पडला होता त्यांचा, माझ्या केबिनीत चार्जिंगला लावून गेलेत. आत्ताच चालू झाला बघा."

वहिनीच्या लक्षात आलं. तो मेसेज सकाळी आधी उरकलेल्या दुसऱ्या इमारतीचा होता. तिथल्या तळघरात रेंज नव्हती, म्हणून तो फोनमध्येच अडकून पडला. मग फोनच बंद पडला. भाऊजींनी तिथे पैलवानाला तोंडी सांगून काम उरकलं आणि विसरून गेले. आता फोनला जीव आला आणि मेसेज सुटला. इमारतीचं नाव त्यात नव्हतंच. वहिनीने मागे एकदा नाव लिहायला सांगितलं होतं, तेव्हा पैलवान म्हणाला होता, "दोन तर माणसं आम्ही, वहिनी. बंद म्हटलं की बंद, चालू म्हटलं की चालू. त्यात निबंध कशाला?" तिनेही मग लावून धरलं नव्हतं.

"काका, फोन ठेवू नका." दुसऱ्या हाताने तिने टेबलावरच्या फोनवरून पैलवानाला लावला. रिंग जात होती. उचलत नव्हता. अभिनंदनांना कंटाळून त्याने फोनचा आवाज बंद केला असणार.

"मी वर जाऊन सांगू का?" वॉचमनने विचारलं.

आठ मजले जिन्याने. तोवर पैलवानाने हत्यारं आवरून स्विच चढवलेला असेल. आणि वीज आली की ती लिफ्ट आधी सरळ तळाला येते.

"वर नका जाऊ, खाली जा! तळघरात लिफ्टचं दार आहे ना? ते बडवा. ओरडून सांगा, आतून दार उघडा म्हणावं. दार उघडलं की लिफ्ट जागेवर थांबते. पळा काका!"

"त्यांनीच लावून घेतलंय दार. पार्किंगमधली माणसं डोकावतात म्हणून—"

"पळा!"

धावण्याचा आवाज, जिना, एक खोकला. मग काहीच नाही. फोन तळघरात पोचला होता, तिथे रेंज नव्हती.

वहिनी पैलवानाचा नंबर पुन्हा पुन्हा लावत राहिली. ग्रुपवर कोणीतरी टाळ्या टाकल्या. मालक आतून म्हणाले, "वहिनी, चहा सांगा ना." ते दारात आले, तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिथेच उभे राहिले.

पैलवानाचा फोन आला. "वहिनी, चालू केली तर मधेच अडकली. तळमजल्याच्या खाली उतरली आणि बसली. खाली काय झालंय?"

"स्विच पाड. आधी पाड, मग बोल."

खटका तिला ऐकू आला.

"पाडला. झालं काय पण?"

"भाऊजी खड्ड्यात आहेत."

पलीकडे जिन्यावरून धावत उतरणारी पावलं वाजली.

नंतर भाऊजींचा फोन आला, वॉचमनच्या केबिनीतून. त्यांनी शिडीवर चढून दार ढकललं तेव्हा लिफ्टचा तळ त्यांच्या डोक्यावर हातभर होता. शिडीवरून घसरून गुडघा सोलला होता, बाकी धड.

"वहिनी, घरी आईला सांगू नका. तुम्हाला सोडेल, मला फाडून खाईल."

"सांगणार आहे," वहिनी म्हणाली आणि खुर्चीत बसली. इतका वेळ आपण उभ्या होतो हे तिला तेव्हा कळलं.

दुपारी मालकांनी सगळ्यांना बोलावलं. मेसेज कोणाचा, अंगठा कोणाचा, यावर थोडी वादावादी झाली. पैलवान मान खाली घालून बसला होता. "ग्रुप गजबजवला मी," वहिनी म्हणाली, "पण मेसेज वाचून स्विच चढवायची रीत आपल्या सगळ्यांची." मालकांना एक ग्रुप पुरेसा वाटत होता. तिने त्यांच्यासमोरच दुसरा काढला. त्यात फक्त इमारतीचं नाव आणि बंद की चालू, एवढंच येईल. तिथे फूल टाकणाऱ्याला ती काढून टाकेल, मग ते मालक का असेनात. आणि मेसेज आला तरी स्विच चढणार नाही. त्याला कुलूप असेल, आणि किल्ली खड्ड्यात उतरणाऱ्याच्या खिशात.

"मग किल्ली घेऊन आठ मजले चढायचं कोणी?" भाऊजींनी विचारलं.

"ज्याला खड्ड्यातून जिवंत बाहेर यायचंय त्याने."

संध्याकाळी पैलवान हार्डवेअरच्या दुकानातून दोन कुलपं घेऊन आला. खड्ड्यातलं बटण अजून बदलायचंच आहे. उद्या सकाळी नऊ वाजता दोघं त्याच इमारतीत जाणार आहेत. आधी दोघंही मशीनरूममध्ये चढतील, भाऊजी कुलूप लावतील आणि मगच खाली उतरतील.